१७ दिवसांचा नाताळ

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ख्रिस्ती घरावर काय काय एकदम येऊन पडतं ते बघा. मुलांचं स्नेहसंमेलन, ऑफिसातली वर्षअखेर, रजा मंजूर होते की नाही याची धाकधूक, शिंप्याकडे अडकलेले कपडे, अर्धवट राहिलेलं रंगकाम, कॅरोल गाणारी मंडळी कुठल्या रात्री दारात येणार याचा नसलेला पत्ता, गोठ्याच्या, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याच्या, स्पर्धेपायी रात्री दोनपर्यंत बाहेर असलेली पोरं. शिवाय फराळ. वसईत तळलेले फुगे, गोव्यात दोदोल नि नेवऱ्या, नगरकडच्या घरांत करंज्या-शंकरपाळे-चकल्या. मग २४ तारखेच्या रात्री देवळात उभं राहिलेलं माणूस गायनाच्या मधोमध आठवत बसतं, की निघताना गॅस बंद केला होता ना?

हा ताण भक्ती कमी पडल्यामुळे येतो असं प्रवचनात ऐकायला मिळतं. तसं नसतं. बहुतेक वेळा घोळ तारखांचा असतो. सण आपण चुकीच्या बाजूला ढकललेला असतो.

चर्चचं पंचांग साधं आहे. ३० नोव्हेंबरला संत आंद्रेयाचा सण. त्याला सर्वांत जवळ येणाऱ्या रविवारी आगमनकाळ सुरू होतो, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान कधीतरी. २०२६ साली तो रविवार २९ नोव्हेंबरचा. तिथून चार रविवार वाट पाहण्याचे. नाताळ सुरू होतो २४ च्या संध्याकाळी आणि कॅथलिक पंचांगात तो प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो, म्हणजे त्याच हिशेबानं १० जानेवारी २०२७ पर्यंत. २५ पासून मोजले तर १७ दिवस झाले. प्रोटेस्टंट मंडळ्यांत ६ जानेवारीचा प्रकटीकरणाचा सण (तीन राजे बाळ येशूच्या दर्शनाला आले त्याचा) धरला तरी मधले बारा दिवस हातात आहेतच. गोव्यात रेईश मागूश, चांदर आणि कासावलीला त्या ६ तारखेला तीन मुलगे राजे बनून घोड्यावरून निघतात, तेव्हा तिथला नाताळ ऐन रंगात असतो. आपल्याकडे मात्र २६ ला तारा उतरवायची घाई. १७ दिवसांचा सण एका दिवसात कोंबायचा आणि त्याच्या आधीचे २६ दिवस धावपळीत घालवायचे, याचं दुसरं नाव ताण.

म्हणून पहिलं काम कागदाचं. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी बसून एका कागदावर दोन रकाने आखायचे. डावीकडे ‘२४ च्या आधी’, उजवीकडे ‘२५ नंतर’. मग एकेक काम घ्यायचं आणि विचारायचं, हे आधी झालंच पाहिजे का? मित्रांना जेवायला बोलावणं, शेजारी फराळाची ताटं पोचवणं, मावशीकडे जाणं, एकमेकांना भेटवस्तू देणं, सगळ्यांचा एकत्र फोटो, हे सारं उजवीकडे जाऊ शकतं. डावीकडे उरतं ते थोडं: केकसाठी सुकामेवा भिजवणं, टिकणारा फराळ, कपडे, गोठा, पापनिवेदन (धर्मगुरूपाशी पापं कबूल करणं). रंगकाम १० डिसेंबरपर्यंत संपत नसेल तर ते सरळ ईस्टरवर टाका. येशूचा जन्म डिस्टेंपर न दिलेल्या जागीच झाला होता. कागद फ्रिजवर लावायचा आणि नवीन काही आलं की आधी उजव्या रकान्यात लिहायचं. डावीकडे ढकलायला कारण लागेल, असा नियम ठेवा.

दुसरं काम मेणबत्त्यांचं. हिरव्या फांद्यांचं कडं आणि चार मेणबत्त्या, ही रीत जर्मनीतली. हॅम्बुर्गमध्ये गरीब मुलांचं वसतिगृह चालवणाऱ्या योहान विखर्न या पाळकानं १८३९ साली गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. चार मोठ्या रविवारच्या आणि बाकी दिवसांच्या लहान. नाताळ कधी, नाताळ कधी, असं मुलं रोज विचारायची, म्हणून. आपल्याकडे आज कडं बहुधा देवळात दिसतं. घरी करायला परात पुरते. परातीत दोन बोटं वाळू, तिच्यात चार मेणबत्त्या रोवायच्या, भोवती सुरूच्या फांद्या. तीन जांभळ्या, एक गुलाबी. जांभळ्या मिळाल्या नाहीत तर पांढऱ्यांना तळाशी जांभळी फीत बांधा, वर नको, पेट घेते. सुरू आठवड्यात वाळून खडखडीत होतो आणि ठिणगीला वाटच बघत असतो, तेव्हा दर रविवारी फांद्या बदलायच्या.

लांबीचा हिशेब कुणी करत नाही आणि मग तिसऱ्या आठवड्यात पहिली मेणबत्ती संपते. दोनेक सेंटिमीटर जाडीची मेणबत्ती तासाला साधारण अडीच सेंटिमीटर जळते. पहिल्या रविवारी एक लावायची, मग दर रविवारी आणखी एक. रोज पंधरा मिनिटं धरली तर पहिली मेणबत्ती २६ संध्याकाळी लागते, म्हणजे साडेसहा तास, १६ सेंटिमीटर. दुसरी १९ संध्याकाळी, १२ सेंटिमीटर. तिसरी साडेसात. चौथी जेमतेम तीन. म्हणून चारही २० सेंटिमीटरच्या घ्या. वाढदिवसाच्या केकवरच्या किंवा वीज गेल्यावर लावायच्या बारीक मेणबत्त्या फार झपाट्यानं संपतात. आणि पंखा बंद करा. मेणबत्ती एका अंगानं ओघळली की दोष मेणबत्तीला दिला जातो, पण कारण छतावर फिरत असतं. २४ ला चारही चढत्या पायऱ्यांसारख्या दिसतात. वाट पाहण्याला उंची असते, हे मुलांना समजावून सांगावं लागत नाही.

आता त्या पंधरा मिनिटांत करायचं काय? ज्या घरात संध्याकाळची रोझरी (जपमाळेची प्रार्थना) किंवा कौटुंबिक प्रार्थना आधीपासून आहे, तिथे हे तिलाच जोडा, वेगळी वेळ काढू नका. नव्या वेळेला नवी शिस्त लागते आणि डिसेंबरमध्ये शिस्त शिल्लक नसते. जिथे काहीच नाही, तिथे रात्रीच्या जेवणाआधी, ताटं घेण्यापूर्वी. जेवणानंतर म्हटलं की पेंग येते. घरातल्या सर्वांत लहान माणसानं काडी ओढायची. एक मिनिट कुणी बोलायचं नाही. मग वाचन, मग तीन मिनिटं शांतता. घड्याळ लावून तीन मिनिटं, कारण अंदाजानं केलेली शांतता चाळीस सेकंदांत संपते. मग प्रत्येकाची एक मागणी, एक आभार, आणि शेवटी एका गीताचं एकच कडवं.

वाचनासाठी लूकच्या शुभवर्तमानाचे २४ अध्याय १ ते २४ डिसेंबर रोज एक, ही योजना दिसायला फार सुबक आहे. पण पहिल्याच अध्यायात ८० वचनं आहेत, मोठ्यानं वाचायला दहाएक मिनिटं जातात आणि पाच तारखेपर्यंत घरातले निम्मे गळतात. शिवाय जन्म येतो २ तारखेला आणि २४ ला तुम्ही पुनरुत्थानापाशी. एकट्यानं वाचणाऱ्याला ते चालेल. घरासाठी आठवड्याला एकच उतारा, तोच रोज, हे बरं. पहिला आठवडा यशया ४०:१-११, दुसरा यशया ११:१-९, तिसरा फिलिप्पैकरांस पत्र ४:४-७, चौथा लूक १:२६-३८. तिसऱ्या दिवशी मुलं कुरकुरतात, पाचव्या दिवशी त्यांना पाठ झालेलं असतं, आणि पाठ झालेलंच गर्दीच्या लोकलमध्ये कामाला येतं. आजीआजोबा घरात असतील तर एखाद्या रविवारी फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणातल्या जन्माच्या ओव्या काढा. १६१६ साली छापलेली ती मराठी डोळ्यांना अवघड जाते, पण ओवी भरभर वाचताच येत नाही, प्रत्येक चरणाला श्वास घ्यावा लागतो. धाप लागलेल्या घराला ते बरं असतं.

तिसऱ्या आठवड्यातला फिलिप्पैचा उतारा जरा थांबून बघण्यासारखा आहे. तिसऱ्या रविवारची मेणबत्ती गुलाबी असते ती त्याच्यामुळेच. त्या दिवसाच्या जुन्या लॅटिन प्रवेशगीताची सुरुवात ‘आनंद करा’ या त्यातल्याच शब्दांनी होते. पत्र लिहिणारा प्रेषित पौल हे कैदेतून लिहितो आहे. कशाचीही चिंता करू नका, असं म्हणून तो सोडून देत नाही, चिंतेचं काय करायचं तेही सांगतो: ती मागणी करून देवाला कळवा, आभारासकट. इथे कारागिरी आहे. चिंता आणि मागणी एक नव्हेत. ‘पैशांचं कसं होणार’ ही चिंता आहे, ती रात्रभर फिरत राहते कारण तिला टोक नाही. ‘२७ तारखेच्या हप्त्याला चार हजार कमी पडतायत, वाट दाखव’ ही मागणी आहे. तिच्यात तारीख आहे, आकडा आहे, आणि ती एकदा सांगून खाली ठेवता येते. पाठकोऱ्या कागदावर रोज एकच चिंता घ्या आणि ती मागणी होईपर्यंत खोडून लिहा. जिची मागणी होतच नाही, अशी चिंता बहुधा ‘लोक काय म्हणतील’ या जातीची असते. तिला खोडूनच टाका.

पुढे पौल म्हणतो की देवाची शांती तुमची अंतःकरणं राखील. तिथलं मूळ ग्रीक क्रियापद लष्करी आहे, पहाऱ्यावरच्या शिपायांचं. फिलिप्पै ही निवृत्त रोमन सैनिकांची वसाहत होती, ऐकणाऱ्यांना पहारा म्हणजे काय ते नीट ठाऊक होतं. पहारा असतो तेव्हा बाहेरची गडबड थांबलेली नसते. त्यामुळे प्रार्थनेला बसल्यावर शेजारचा स्पीकर, कुकरची शिट्टी आणि नणंदेचा फोन चालू राहिला म्हणून प्रार्थना फसली असं मानायचं कारण नाही.

फसते ती वेगळ्याच जागी. एक म्हणजे मोबाइलवर बायबल उघडणं. वचन चारवर जाईपर्यंत वरून कुरियरचा निरोप घसरत येतो. छापील पुस्तक घ्या, नाहीतर उतारा कागदावर उतरवा. दुसरं, सगळे जमेपर्यंत थांबणं. वसई-विरारहून मुंबईला जाणाऱ्याची परतीची गाडी कुणाच्या हातात नसते. ठरलेल्या वेळी दोघं असतील तर दोघांनी सुरू करावं, उशिरा आलेल्यानं जळत्या मेणबत्तीपाशी येऊन बसावं. तिसरी चूक सर्वांत घरगुती: मागण्यांमधून टोमणे. ‘हे प्रभो, या घरातल्या काही जणांना अभ्यासाची बुद्धी दे.’ एवढं झालं की ते पोर दुसऱ्या दिवसापासून नेमकं क्लासला जातं. समोर बसलेल्या माणसासाठी त्याला विचारल्याशिवाय मोठ्यानं मागायचं नाही, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ भांडणं टळतात. मार्था-मरियेची गोष्टही अशीच जपून वापरावी: मार्था कामात गढलेली, मरिया येशूच्या पायाशी ऐकत बसलेली, आणि येशू बाजू घेतो मरियेची. स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईला ती ऐकवायची असेल तर आधी उठून भांडी घासा.

जी कामं २४ च्या आधी करावीच लागतात, त्यांतली काही प्रार्थनेलाच चांगली साथ देतात. कलकल, म्हणजे मैद्याचे तळलेले गोड वळे, घ्या. एक किलो मैद्याचे कलकल वळायला चार माणसांना दीड-दोन तास लागतात. गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या फणीवर दाबायची, गुंडाळायची, ठेवायची. हात गुंतलेले, तोंड मोकळं. दहा-दहा मण्यांच्या पाच भागांची रोझरी वीसेक मिनिटांत होते. तिच्यात मनन करायची आनंदाची पाच रहस्यं म्हणजे देवदूताचा निरोप, अलिशिबेची भेट, जन्म, मंदिरातलं समर्पण, हरवलेला येशू सापडणं. आगमनकाळ ते नाताळ ही गोष्ट त्यांत क्रमानं आहे. टीव्ही लावून कलकल वळले तर आकार मोठे होत जातात, नजर हातावर नसते. मोठा कलकल बाहेरून लाल आणि आतून कच्चा राहतो. फराळाचा क्रम मात्र टिकाऊपणावर ठेवा: शंकरपाळे, कलकल दुसऱ्या आठवड्यात, सुक्या खोबऱ्याच्या करंज्या त्यानंतर, ओल्या नारळाचं काहीही २२-२३ च्या आधी नको, फुगे त्याच दिवशी.

आणि गोठ्यातलं गवत. बाजारात हिरव्या रंगाचा लाकडी भुसा मिळतो, पण गहू पेरण्यात जे आहे ते त्यात नाही. २०२६ साली गुलाबी मेणबत्तीचा रविवार १३ डिसेंबरला येतो, पेरायला तोच दिवस. १२ च्या रात्री मूठभर गहू, ४०-५० ग्रॅम, पाण्यात घाला, आठ-दहा तासांपेक्षा जास्त नको, आंबतात. वीतभर रुंदीच्या पसरट मातीच्या भांड्यात दोन बोटं माती, तिच्यावर गव्हाचा एकच थर, दाण्याला दाणा लागलेला पण दाण्यावर दाणा नाही. वर मातीची नुसती चाळण. ओलं फडकं टाकून दोन दिवस झाकून ठेवा. तिसऱ्या दिवशी पांढरे कोंब फडक्याला टोचू लागतात, तेव्हा फडकं काढून खिडकीत. पाणी हातानं शिंपडायचं, ओतायचं नाही, तळाशी साचलं की पांढरी बुरशी येते आणि वास सुटतो. खिडकीत ठेवायला विसरलात तर गवत उंच, पिवळं आणि लुळं होतं. हौसेनं १ तारखेलाच पेरलंत तर नाताळपर्यंत आडवं पडलेलं असतं. नाचणी बारीक नि नाजूक उगवते, लहान गोठ्याला शोभते, पण ती सावकाश वाढते. एरवी आपण डिसेंबरमध्ये सगळंच उरकू शकतो. गव्हाला मात्र अकरा दिवस म्हणजे अकरा दिवस. रोज सकाळी पाणी शिंपडताना एका ओळीची प्रार्थना पुरे: ये, प्रभू येशू.

१७ ते २३ डिसेंबर हा आठवडा सगळ्यांचा कोसळतो. चर्चला हे आधीच माहीत असल्यासारखं वाटतं, कारण त्या सात संध्याकाळच्या प्रार्थनेत शतकानुशतकं एकेक छोटी हाक आहे. १७ ला ‘हे ज्ञाना’, १८ ला ‘हे प्रभो’, १९ ला ‘हे इशायाच्या मुळा’, २० ला ‘हे दाविदाच्या किल्ली’, २१ ला ‘हे उगवत्या सूर्या’, २२ ला ‘हे राष्ट्रांच्या राजा’, २३ ला ‘हे इम्मानुएल’. प्रत्येकीच्या शेवटी ‘ये’. २१ ची हाक वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्रीच्या तोंडावर येते, हे लक्षात ठेवण्यासारखं. लॅटिनमध्ये या सातांची आद्याक्षरं उलटीकडून वाचली की ‘एरो क्रास’ होतं, म्हणजे ‘उद्या मी असेन’. या आठवड्यात पंधरा मिनिटांचा हट्ट सोडा. मेणबत्ती, एक हाक, एक मिनिट. दिवस हुकला तर दुसऱ्या दिवशी दोन हाका मारून भरपाई करायची नाही, त्या दिवसाची तेवढी म्हणायची.

पापनिवेदन, म्हणजे कुमसार, २३-२४ वर ठेवू नका. रांग लांब असते, धर्मगुरू दमलेले असतात आणि तुम्ही निम्मं विसरता. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातल्या एखाद्या साध्या वारी, मिस्सेच्या (देवळातल्या मुख्य उपासनेच्या) अर्धा तास आधी जा. आदल्या रात्री दहा मिनिटं काढून, वर्षात कुणाशी बोलणं टाकलंय त्यांची नावं लिहा. भावकीतला बांध, सोसायटीतलं पार्किंग, वाटणीचे कागद, अशीच कारणं निघतील. त्यांतल्या एकाला, एकालाच, २४ च्या आधी फोन करा. सगळ्यांना एकदम करायला गेलात तर एकालाही होत नाही. कागद नंतर फाडून टाका.

ज्या घरात वर्षभरात कुणी गेलंय, तिथे हे सगळं निराळं असतं. ‘यंदा आमच्याकडे काही नाही’ असं सांगून मोकळं व्हायला हरकत नाही. तारा आणि फराळ हा श्रद्धेचा पुरावा नव्हे. पण चार मेणबत्त्या मात्र लावाव्यात, त्या मुळातच अंधारासाठी आहेत. गेलेल्या माणसासाठी मिस्सा नेमून घ्यायची असेल तर धर्मग्रामाच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, कार्यालयात नोव्हेंबरातच विचारा, नाताळच्या आठवड्यातल्या तारखा लवकर भरतात. आणि भेटायला जाणाऱ्यांनी ताट न्यावं, उपदेश नेऊ नये.

२४ च्या रात्रीसाठी दोनचार व्यवहाराच्या गोष्टी. ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी एक तासाचा उपवास पुरतो, तेव्हा मुलांना आठला जेवू घाला आणि नऊपर्यंत आडवं करा. रात्रीची मिस्सा केली की २५ ची सकाळची पुन्हा करावीच असं बंधन नाही. म्हाताऱ्यांनी आणि तान्ह्या मुलांच्या आयांनी सकाळची निवडावी, तिची पायरी कमी नाही. २०२८ साली मात्र २४ डिसेंबरला रविवार येतो, तेव्हा रविवारची मिस्सा वेगळी आणि नाताळची वेगळी, दोन्ही धराव्या लागतील, आणि चौथी मेणबत्ती एकाच दिवसाची मानकरी असेल. गोठ्यात बाळ येशू मिस्सेहून परतल्यावर ठेवा, तोवर गव्हाण रिकामी. तीन राजे घराच्या दुसऱ्या टोकाला, पुस्तकांच्या कपाटावर वगैरे, आणि २५ पासून रोज हातभर पुढे.

२०२६ च्या नाताळात ते पोचतात ३ जानेवारीच्या रविवारी, कारण आपल्याकडच्या कॅथलिक पंचांगात प्रकटीकरणाचा सण रविवारी धरतात; तोवर १३ ला पेरलेला गहू पिवळा पडून मान टाकतो. म्हणून २४ च्या रात्री मिस्सेला निघण्यापूर्वी, कुलूप लावायच्या आधी, आणखी एक मूठ गहू भिजत घाला. २५ ला सकाळी घर झोपलेलं असतं, तेव्हा दुसऱ्या भांड्यात पेरा.